माळव्याचे दोन जिल्हे : उद्योजक, शासन आणि पाणी

बेळगावच्या माणसाला देवास हे नाव परके नाही. येथून जवळच सुळेभावी गावी 1924 साली जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजेच आपले कुमार गंधर्व, क्षयाने आजारी पडल्यावर कोरड्या हवेसाठी 1948 च्या सुमारास देवासला गेले आणि अखेरपर्यंत तेथलेच झाले. आमच्या घरी वडील मराठी आणि आईचे माहेर कन्नड. त्यामुळे कुमारजी नेमके कोणाचे, हा वाद जेवताना अधूनमधून होतो आणि दोन्ही पक्ष जिंकतात. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय गाणे नाही. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. माझी आत्या देवासला राहते. गेल्या सुट्टीत पुणे-इंदूर गाडीने मी तिच्याकडे गेले, महिनाभर राहिले, आणि परत आले ती डोक्यात एक प्रश्न घेऊन. एखादा प्रदेश पुढे येतो तो कोणामुळे? धाडसी उद्योजकामुळे, की शहाण्या शासनामुळे?

हा प्रश्न माझ्यासाठी केवळ परीक्षेपुरता नाही. माझे वडील उद्यमबागेत गेली सव्वीस वर्षे लेथवर काम करतात. स्वतःचे छोटे वर्कशॉप काढावे ही त्यांची जुनी इच्छा. एकदा त्यांनी कर्जासाठी अर्ज केला होता, तो तारणाअभावी परत आला. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मी मात्र पुस्तकात ‘उद्योजकता’ हे प्रकरण वाचते तेव्हा मला ती फाईल आठवते. म्हणून धार-देवासमध्ये जे पाहिले, ऐकले आणि नंतर ग्रंथालयात बसून ताडून पाहिले, ते येथे मांडत आहे.

पुस्तक काय सांगते

आर्थिक विकासाचा विचार करताना जमीन, श्रम, भांडवल आणि संघटन हे चार घटक आपण सारेच पाठ करतो. यांपैकी चौथ्या घटकाला खरा मान दिला तो जोसेफ शुम्पीटर या अर्थशास्त्रज्ञाने. 1911 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने म्हटले की अर्थव्यवस्था एरवी जुन्याच चाकोरीत फिरत असते. उद्योजक नव्या जुळण्या करून ती चाकोरी मोडतो. नवी वस्तू, नवी उत्पादनपद्धती, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी संघटना अशा पाच जुळण्या त्याने सांगितल्या. भांडवलदार पैसा पुरवतो, व्यवस्थापक रोजचा गाडा हाकतो, आणि उद्योजक ‘असेही करता येईल’ हे आधी पाहतो व त्याची जोखीम घेतो.

मग शासनाचे काम कोणते? 1990 साली विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की कल्पक, धडपडी माणसे प्रत्येक समाजात आणि प्रत्येक काळात असतातच. ती आपली बुद्धी कोठे लावतील हे खेळाच्या नियमांवर ठरते. नियम असे असले की नवे उत्पादन काढणाऱ्याला फायदा होतो, तर ती कारखाने काढतील. परवाने आणि सवलती मिळवण्यातच अधिक फायदा असेल, तर तीच माणसे तीच हुशारी दरबारात किंवा कचेरीत खर्च करतील. आणि नियम करणे हे तर शासनाचे काम. तेव्हा उद्योजक आणि शासन ही एकमेकांविरुद्ध उभी राहिलेली दोन नावे नव्हेत. बीज आणि जमीन यांपैकी पीक कोणामुळे आले, असे शेतकरी विचारत नाही.

आपल्याच गावचे उदाहरण

हे पटवून घ्यायला माळव्यात जायचीही गरज नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईत चित्रकला शिकायला गेले. रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून यांत्रिक चित्रांकनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पदोन्नती डावलली गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला परतले. भावासह सायकलींचे दुकान चालवले, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार करू लागले. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्याने नांगर प्रथम कोणी घेईना. शुम्पीटरची ‘नवी वस्तू’ ती हीच. तिला गिऱ्हाईक मिळेपर्यंत टिकून राहण्याची जोखीम त्यांनी घेतली.

पुढे बेळगावच्या वाढीसाठी नगरपालिकेला त्यांची जागा हवी झाली आणि कारखाना हलवण्याची वेळ आली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ देऊ केला आणि कर्जाऊ भांडवलही दिले. 1910 साली निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. उद्योजक तोच, नांगर तोच. एका ठिकाणी त्याला जागा सोडावी लागली आणि दुसऱ्या ठिकाणी जागा मिळाली, एवढ्यानेच एका गावाचा आणि एका माळाचा इतिहास बदलला. आज त्याच किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा एक कारखाना देवासला आहे. त्याच्या फाटकावरची पाटी वाचताना मला आपला माणूस परगावी भेटावा तसे वाटले.

देवास : एका गावात दोन दरबार

देवास इंदूरपासून बसने तासाभराच्या आत. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव, मधोमध चामुंडा मातेची टेकडी. अठराव्या शतकात मराठ्यांनी माळवा घेतला तेव्हा पवार घराण्यातील तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोन बंधूंकडे देवास आले आणि एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदू लागली. धारचे पवारही त्याच घराण्याचे. या दरबारांबरोबर आलेली मराठी कुटुंबे अजून तेथे आहेत. आत्याच्या सासरचे लोक असेच. त्यांची मराठी ऐकताना प्रथम गंमत वाटते. ‘जरा रुका’, ‘पक्कं ना?’ असे शब्द तिच्यात सहज मिसळलेले असतात. आमच्या बोलण्यात कन्नड मिसळते तसेच हे.

1948 साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि 1956 साली मध्य प्रदेश राज्य बनले. दरबार गेला तेव्हा दरबारी नोकऱ्याही गेल्या. शेती, थोडा व्यापार, एवढ्यावर चालणारे हे छोटे गाव कारखान्यांचे शहर कसे झाले, त्यात शासनाचा हात स्पष्ट दिसतो.

स्वातंत्र्यानंतर उद्योग मुंबई, कलकत्ता, मद्रास, अहमदाबाद अशा ठिकाणीच एकवटत होते. हा असमतोल कमी करण्यासाठी केंद्र शासनाने 1968 साली पांडे व वांछू यांच्या अध्यक्षतेखाली दोन गट नेमले. मागास जिल्हे कोणते ते ठरवण्याचे निकष पहिल्याने सुचवायचे आणि तेथे उद्योजकांना कोणती उत्तेजने द्यावीत हे दुसऱ्याने. त्यातून 1971 साली केंद्रीय भांडवली अनुदानाची योजना सुरू झाली. निवडलेल्या मागास जिल्ह्यात कारखाना काढणाऱ्यास स्थिर भांडवलाच्या 10 टक्के अनुदान मिळे; 1973 साली ते 15 टक्के झाले. 1983 पासून जिल्ह्यांच्या मागासलेपणाप्रमाणे 25, 15 आणि 10 टक्के अशा तीन पायऱ्या झाल्या. याशिवाय वित्तसंस्थांचे सवलतीचे कर्ज आणि राज्याची विक्रीकरातील सूट असेच.

देवासला या धोरणाचा लाभ झाला. शिवाय शासनाने स्वतःही गुंतवणूक केली. 1974 साली तेथे बँक नोट प्रेस सुरू झाली. आपल्या खिशातील कितीतरी नोटा देवासला छापलेल्या असतात. ज्या गावी सरकार नोटा छापते तेथे वीज, रस्ता, रेल्वे आणि बंदोबस्त यांची हमी असणारच, असा हिशेब खाजगी उद्योजकानेही केला असेल तर नवल नाही. पंप, गिअर, कातडी वस्तू, कापड, औषधे असे नाना प्रकारचे कारखाने तेथे आले. आतोबा 1982 साली, बावीसाव्या वर्षी, त्यांपैकीच एका कारखान्यात लागले. ‘वडील दरबाराच्या आठवणी सांगायचे, मी पगाराची स्लिप दाखवायचो,’ असे ते हसून सांगतात.

पिथमपूर : धारच्या नकाशात, इंदूरच्या दारात

धारचे नाव घेतले की राजा भोज आठवतो. पण आजच्या अर्थव्यवस्थेत धार जिल्ह्याचे नाव आहे ते पिथमपूरमुळे. 1980 नंतरच्या दशकात महूला लागून असलेल्या या माळावर राज्य शासनाच्या औद्योगिक केंद्र विकास निगमाने भूखंड पाडले, रस्ते केले, वीज आणली. 1984 मध्ये पुण्या-नगरकडच्या फिरोदिया घराण्याच्या कायनेटिकने जपानच्या होंडाशी भागीदारी करून येथे कायनेटिक होंडा ही स्कूटर काढली. बटण दाबले की सुरू होणारी आणि गिअर न बदलता चालणारी ही स्कूटर आपल्या आईच्या पिढीतील कितीतरी स्त्रियांनी पहिले वाहन म्हणून चालवली. 1986 पासून आयशरने मित्सुबिशीच्या साहाय्याने येथे हलके ट्रक काढले. बजाज टेम्पोही आली. पुढे टायर, औषधे, रस्तेबांधणीची यंत्रे यांचे कारखाने निघाले. 2021 साली येथे 11.3 किलोमीटर लांबीचा मोटारींच्या वेगचाचणीचा गोलाकार मार्ग सुरू झाला. तो आशियातील सर्वांत लांब म्हणून सांगितला जातो.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. धार जिल्हा कागदोपत्री मागास, म्हणून सवलत मिळाली. परंतु पिथमपूर धार शहरापेक्षा इंदूरला जवळ. म्हणजे उद्योजकाला अनुदान मागास जिल्ह्याचे आणि बाजारपेठ, बँका, मुलांच्या शाळा, दवाखाने हे सारे इंदूरचे. हिशेबी माणूस आणखी काय करील? बी. शिवरामन यांच्या अध्यक्षतेखाली 1978 साली नेमलेल्या मागास क्षेत्र विकास समितीने हेच निदान केले होते. अनुदानाचा मोठा भाग थोड्याच जिल्ह्यांना गेला, आणि तेही विकसित शहरांच्या आसपासच्या. म्हणून समितीने पैसा विखरून न टाकता निवडक केंद्रांत सोयी उभारण्यावर भर दिला. अनुदान हे आमंत्रण आहे. पण पाहुणा राहतो तो घरात पाणी, दिवा आणि सोबत असेल तरच.

1988 साली केंद्राची भांडवली अनुदान योजना बंद झाली. जुलै 1991 मध्ये नवे औद्योगिक धोरण आले आणि बहुतेक उद्योगांवरील परवान्याचे बंधन उठले. आता कारखाना कोठे काढायचा हे दिल्लीच्या कचेरीऐवजी उद्योजक ठरवू लागला. अनुदानासाठीच आलेले उद्योग अशा वेळी उघडे पडतात. जेथे सुटे भाग बनवणारे छोटे कारखानदार, शिकलेले कारागीर आणि माल नेणारे वाहतूकदार यांचे जाळे विणले गेले असेल तेथे एक कंपनी गेली तरी दुसरी येते. पिथमपूरचेच पाहा. होंडा 1998 साली भागीदारीतून बाहेर पडली, 2008 साली कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्राने घेतला, आणि त्याच वर्षी आयशरचा ट्रक-व्यवसाय व्होल्व्होबरोबरच्या नव्या कंपनीत गेला. पाट्या बदलल्या, पण गाव राहिले. बॉमोलच्या भाषेत सांगायचे तर नुसते अनुदान कमावणाऱ्याची उद्योजकता आणि ट्रक कमावणाऱ्याची उद्योजकता यांतील फरक येथे कळतो.

आतोबांचा कारखाना मात्र टिकला नाही. यंत्रे जुनी झाली होती, नवी घेतली गेली नाहीत. एके दिवशी फाटकावर नोटीस लागली. आतोबा त्या वेळी बेचाळीस वर्षांचे होते. देणी मिळायला अनेक वर्षे गेली. ‘सवलत कारखान्याला होती, बेटा. आमच्या हाताला नव्हती,’ एवढेच ते म्हणाले. पुस्तकात यावर एक संपूर्ण प्रकरण असायला हवे असे मला वाटते.

ज्याची नोंद कोणत्याच वहीत नाही

आता पाण्याविषयी. जमाखर्च लिहिताना प्रत्येक नावे रकमेला एक जमा रक्कम असावी लागते हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. देवासने एक मोठी रक्कम नोंदलीच नाही. अनुपम मिश्र यांच्या ‘आज भी खरे हैं तालाब’ या हिंदी पुस्तकात देवासची हकीकत आली आहे. शहर वाढले तसे जुने तलाव बुजले, त्यांवर घरे आणि कारखाने उभे राहिले. पाण्यासाठी कूपनलिका खोल खोल जात राहिल्या. प्रत्येक कारखान्याच्या, प्रत्येक घराच्या वहीत पाण्याची किंमत जवळजवळ शून्य होती. भूगर्भाची वही कोणीच ठेवली नव्हती.

आणि 1990 च्या एप्रिलमध्ये इंदूरहून पाण्याने भरलेले टँकर घेऊन रेल्वेगाडी देवासच्या स्टेशनात आली. आत्याचे नवे नवे लग्न झाले होते. ती सांगते, ‘स्टेशनात गाडी आली की लोक पाहुण्यांना आणायला जातात. आम्ही पाणी आणायला जायचो.’ आतोबा रात्रपाळी करून आले की झोपण्याआधी दोन कळश्या घेऊन रांगेत उभे राहात. कारखाना चालू आणि घरी प्यायला पाणी नाही, हा विकास कोणत्या तक्त्यात बसवायचा?

पुढे उद्योगांसाठी नर्मदेचे पाणी नेमावरहून शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या नळाने देवासला आणण्यात आले. खाजगी कंपनीने बांधायचे, काही वर्षे चालवायचे आणि मग शासनाकडे सोपवायचे, अशी त्याची पद्धत होती. तहान भागली, पण किती दुरून आणि किती खर्चाने! जे तलाव फुकट होते ते बुजवून जे फुकट नाही ते विकत घेतले, असे हे खाते आहे.

असाच दुसरा खर्च पिथमपूरच्या वाट्याला आला. 1984 च्या डिसेंबरात भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्या कारखान्यात पडून राहिलेला 337 टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी, जानेवारी 2025 मध्ये, जाळण्यासाठी पिथमपूरला आणला गेला. लोक रस्त्यावर उतरले. न्यायालयाच्या देखरेखीखाली जूनअखेर तो जाळून झाला. शास्त्रीयदृष्ट्या सर्व काळजी घेतली असे शासनाने सांगितले. भीती मात्र आसपासच्या गावांनी सोसली. एका ठिकाणचा नफा आणि दुसऱ्या ठिकाणची राख, यांचा ताळेबंद एकत्र मांडण्याचे काम बाजार करत नाही. ते शासनालाच करावे लागते.

शेततळ्याचे अर्थशास्त्र

या सगळ्यात मला सर्वांत उमेद देणारी गोष्ट कारखान्याच्या बाहेर सापडली. आतोबांनी मला टोंकखुर्दच्या बाजूला एका नातलगाच्या शेतावर नेले. काळी माती, पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू-हरभरा. या भागात कूपनलिकांचे पाणी इतके खाली गेले होते की कर्ज काढून पाडलेली नळी कोरडी निघे आणि कर्ज मात्र ओले राही. 2006 साली देवासचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी ‘भागीरथ कृषक अभियान’ सुरू केले. शेताच्या साधारण दहाव्या हिश्श्यात स्वतःचे तळे खोदा, पावसाचे पाणी साठवा, हे सांगणे. या तळ्यांना ‘रेवा सागर’ असे नाव दिले; रेवा म्हणजे नर्मदा.

यात नवीन काय, असे वाचक विचारतील. नवीन होते ते सांगण्याच्या पद्धतीत. ‘पाणी वाचवणे हे पुण्य आहे’ असे न सांगता ‘यात फायदा आहे’ असे शेतकऱ्याच्या हिशेबात सांगितले गेले. सुरुवातीला अनुदानाची वाट न पाहता प्रथम ऐपत असलेल्या मोठ्या शेतकऱ्यांना पुढे केले, कारण उपसाही त्यांचाच जास्त होता. बघता बघता जिल्ह्यात हजारो तळी झाली. मग राज्य शासनाने 2007 मध्ये ‘बलराम ताल’ योजना आणून तळ्यासाठी अनुदान दिले.

हिशेब मी शेताच्या बांधावर बसून स्वतः करून पाहिला. समजा, शेत 10 हेक्टर आहे आणि त्यातील 1 हेक्टरवर 3 मीटर खोल तळे आहे. भरले तर त्यात 30,000 घनमीटर, म्हणजे 3 कोटी लिटर पाणी मावते. उरलेल्या 9 हेक्टरांना एका पाळीत 6 सेंटिमीटर पाणी द्यायचे तर 5,400 घनमीटर लागते. बाष्पीभवन आणि झिरपणे यांत निम्मे गेले असे धरले तरी जवळजवळ तीन पाळ्या मिळतात. गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या पिकाला या पाळ्या म्हणजे प्राण. एक हेक्टरचे पीक सोडून नऊ हेक्टरांचे हिवाळी पीक हाती येत असेल तर सौदा वाईट नाही. शुम्पीटरची व्याख्या येथे तंतोतंत लागू पडते. कच्च्या मालाचा नवा स्रोत शोधणारा उद्योजक येथे धोतर नेसून ट्रॅक्टरवर बसला होता, आणि शासनाने फक्त हिशेब समजावून दिला व वेळेवर पाठीशी उभे राहिले.

मात्र एक त्रुटी सांगितली पाहिजे. ज्याचे शेतच एका एकराचे आहे तो दहावा हिस्सा कोठून देणार? तेथे गावाचे सामाईक तळेच हवे, आणि सामाईक गोष्टींसाठी पुन्हा शासनाकडेच वळावे लागते.

पिथमपूरच्या पलीकडचे धार

धार जिल्ह्याचा पश्चिम आणि दक्षिण भाग, म्हणजे कुक्षी, गंधवानी, बाग, हा भिल्ल-भिलाला लोकांचा डोंगराळ मुलूख. पिथमपूरची चाके फिरली तरी येथील तरुण मजुरीसाठी गुजरातकडे जातच राहिले. त्यांतील काही गोध्रा भागात गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत लागले, आणि तेथील धूळ छातीत भरून सिलिकोसिसने आजारी होऊन परतले. जिल्ह्याचे सरासरी उत्पन्न वाढले म्हणजे जिल्ह्यातील प्रत्येक घराचे वाढले असे नव्हे, हे संख्याशास्त्राच्या तासाला ऐकलेले वाक्य मला येथे प्रथमच नीट समजले.

याच भागात बाग गावी खत्री कारागीर लाकडी ठशांनी लाल-काळी छपाई करतात. धुण्यासाठी वाहते पाणी आणि तुरटी, गंजलेले लोखंड असे रंगाचे साधे साहित्य. 2008 साली बाग छपाईला भौगोलिक निर्देशन मिळाले. मोठा कारखाना नाही, भूखंड नाही; पण नावाचे संरक्षण, बाजारपेठ आणि स्वच्छ नदी एवढे मिळाले तर एक कला पोट भरू शकते. शासनाच्या धोरणात अशा उद्योजकालाही जागा हवी.

आता धार जिल्ह्यात बदनावर तालुक्यातील भैंसोला येथे मोठ्या वस्त्रोद्योग संकुलाची कोनशिला 17 सप्टेंबर 2025 रोजी बसवण्यात आली. केंद्राच्या याच योजनेत 2023 साली जी सात ठिकाणे निवडली त्यांत आपल्या कर्नाटकातील कलबुर्गी आणि महाराष्ट्रातील अमरावतीही आहेत. म्हणजे या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना हा विषय जवळचा. किती कोटींची गुंतवणूक, किती हजार नोकऱ्या, हे आकडे वर्तमानपत्रे छापतील. आपण वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी आणखी चार प्रश्न विचारायला हवेत. पाणी कोठून येणार? सांडपाणी कोठे जाणार? जवळच्या गावातील मुला-मुलींना ते काम शिकवण्याची सोय आहे काय? आणि सवलतींची मुदत संपल्यावर काय उरेल?

शेवटी

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले. उद्योजक नसेल तर शासनाचा भूखंड रिकामा राहतो. त्यावर बाभळी उगवतात. शासन नसेल तर उद्योजकाचा नफा त्याच्या वहीत राहतो आणि तोटा शेजाऱ्याच्या विहिरीत जातो. शासनाने रस्ता, वीज, पाणी, शिक्षण आणि नियम द्यावेत. कोणी काय बनवावे हे उद्योजकावर सोडावे. आणि सामाईक वस्तूंची वही शासनाने स्वतः ठेवावी, कारण ती दुसरे कोणीही ठेवणार नाही.

निघण्याच्या दिवशी आतोबांनी मला टेकडीवर नेले. खाली एका बाजूला कारखान्यांची पत्रे आणि दुसऱ्या बाजूला दूरवर शेते दिसत होती. मी त्यांना बाबांच्या वर्कशॉपची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ‘तुझ्या बाबांना म्हणावे, हातात काम आहे ते मोठे तारण. पण बँकेला ते कागदावर दिसले पाहिजे. तू कशासाठी शिकतेस?’

घरी आल्यावर मी बाबांची जुनी फाईल काढली. त्यात यंत्राची किंमत होती, बाबांची सही होती. पण महिन्याला किती नग निघतील, कोण घेणार, पैसे किती दिवसांनी येणार, हे काहीच नव्हते. गेले तीन आठवडे रोज रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघे तो अहवाल तयार करत आहोत. बाबा मराठीत सांगतात. ज्या दोन फाउंड्रीवाल्यांकडून काम मिळण्याची आशा आहे त्यांच्याशी आई कन्नडमध्ये बोलून आली. बेरजा माझ्याकडे. तारण नसलेल्या लहान उद्योजकांसाठी शासनाच्या पतहमीच्या योजना आहेत, हे बाबांना ठाऊकच नव्हते. मला ठाऊक होते, पण ते परीक्षेतील पाच गुणांचे उत्तर म्हणून. अर्ज मंजूर होईल की नाही हे पुढच्या महिन्यात कळेल. तोपर्यंत या लेखातील शेवटची बेरीज मी अपुरीच ठेवते.